पुढचा दिवा

आमच्या दोन सायकलींना मिळून दिव्यांची एकच जोडी होती. पुढचा पांढरा दिवा दादाच्या हँडलला, मागचा लाल माझ्या कॅरिअरला. तो पुढे, मी मागे, म्हणजे दोघांचं मिळून एक वाहन, असा त्याचा हिशोब. "दोन-दोन जोड्या घ्यायला आपण काय मिरवणूक काढतोय?" असं तो म्हणायचा. मला त्याने नाव ठेवलं होतं शेपूट. हॉस्पिटलच्या लाँड्रीत आम्ही दोघं कामाला. तिथे सगळे मला त्याच नावाने हाक मारत आणि मला त्याचा रागही येई.

घरापासून लाँड्री तशी फार लांब नाही. फक्त कालव्याकडचा तुकडा काळाकुट्ट, तिथे रस्त्यावर दिवे नाहीत.

मग दादा गेला. अपघात नाही, आजार नाही. दुपारी जेवून खुर्चीत बसला तो उठलाच नाही. भेटायला आलेल्या बायका माझ्याकडे बघून कुजबुजल्या, हिच्या डोळ्यांत टिपूस नाही बघा. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? मला खरंच काही वाटत नव्हतं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ आपलाच आहे हे हात लावून बघावं लागतं, तशी मी होते.

लाँड्रीत आम्ही चादरींवर असायचो. चादरीच्या घडीला दोन माणसं लागतात. दोन टोकं त्याच्या हातात, दोन माझ्या. तो गेल्यावर सुपरवायझरबाईंनी मला दिवसपाळीत उशांच्या अभ्र्यांवर टाकलं. अभ्र्याची घडी एकटीला घालता येते. शनिवारी त्या म्हणाल्या, "सोमवारपासून पुन्हा पहाटेच्या पाळीला ये गं. किती दिवस सांभाळून घेऊ मी? तुला नाही जमलं तर जागा दुसरीला द्यावी लागेल."

दिवसपाळीला मी बसने जात होते, पण पहाटे बस नसते. म्हणजे सायकल आली आणि सायकलला पुढचा दिवा आला.

पुढचा दिवा तसा घरातच होता. दादाची सायकल जिन्याखाली उभी होती, दिव्यासकट. वहिनी म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याचाच काढून घे की."

"त्या सायकलला कोणी हात लावायचा नाही," मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले. नवरा तिचा गेला होता आणि दटावत मी होते. वहिनी भाजी चिरत राहिली.

रविवारी सकाळी मी दुकानात गेले. सायकलवाला बोलघेवडा. गिऱ्हाईक दिसलं की त्याच्या जिभेला हाड नाही. "स्वस्तातला हवा? किती लांब जाता? इतकंच? मग हा मोठा कशाला घेता ताई, याने समोरचा आंधळा होईल. हा बघा, मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होतो. हा सेलवाला. सेल संपले की दुकान उघडायची वाट बघायची." त्याने काउंटरवर दिव्यांची रांगच मांडली. पांढरे एका बाजूला, लाल दुसऱ्या बाजूला. मी मान हलवत होते. त्याचा एकेक शब्द समजत होता आणि कुठलाच आत जात नव्हता.

रांगेतला एक मी उचलला. छोटा, रबरी पट्ट्याचा. अंगठा आपोआप बटणावर गेला. हाताला बरं वाटलं.

"छान निवडलात," तो म्हणाला. "छोट्या रस्त्याला एवढा पुष्कळ. पुढचा आहे ना तुमच्याकडे?"

"आहे," मी म्हणाले. पुढचा होताच. पुढचा नेहमी होता.

घरी वहिनीने पुडकं उघडलं. दिवा हातात धरून ती बघतच राहिली. "अगं, हा तर लाल आहे."

मी बघितलं. लालच होता.

"शेपूट ती शेपूट," वहिनी म्हणाली आणि हसायला लागली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच हसली. हसता हसता तिला रडू फुटलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मनात आलं, हिला जमतं ते मला का नाही?

डोळे पुसून ती उठली, भाजीची सुरी घेऊन जिन्याखाली गेली. मी मागोमाग गेले. सुरीच्या टोकाने ती दादाच्या दिव्याचा स्क्रू सैल करत होती.

"वहिनी, राहू दे."

"दिवा इथे ठेवला म्हणून तो परत येणार आहे का?" तिने वर बघितलंही नाही. "तुझी जागा गेली तर दोघींनी काय करायचं? तो लाल माझ्यासाठी ठेव. बाजाराला मला ही सायकल लागेलच."

दिवा तिने माझ्या हँडलला घट्ट बसवला. मी नुसती उभी राहिले.

सोमवारी पहाटे निघाले. कोपऱ्यापर्यंत रस्त्यावरचे दिवे होते. कालव्यापाशी ते संपले आणि मी बटण दाबलं.

तोच उजेड. तसाच पांढरा, तसाच डावीकडे कललेला. दिव्याचा पत्र्याचा पट्टा वाकला होता, तो दादाने कधी सरळ केलाच नाही. फक्त आजवर त्या उजेडाच्या मधोमध त्याची पाठ असायची. निळा स्वेटर, वर-खाली होणारे खांदे. इतकी वर्षं मी या वाटेने गेले आणि वाट कधी पाहिलीच नव्हती, त्याची पाठ पाहिली होती. आता सगळं लख्ख दिसत होतं. खड्डे, कठड्याचा तुटका भाग, कडेचं गवत. मध्ये कोणी नव्हतं.

माझे पाय आपसूक मंदावले. मग लक्षात आलं, मी त्याला पुढे जायला वाट देत होते.

मी पाय टेकवला. आधी ओठ थरथरला, मग इंजेक्शन उतरल्यावर ठणका लागतो तसं सगळं एकदम दुखायला लागलं. "दादा," मी हाक मारली आणि हमसून हमसून रडले. कुजबुजणाऱ्या बायकांपैकी बघायला कोणी नव्हतं.

मग पदराने तोंड पुसलं आणि निघाले. पाळीला उशीर करून चालणार नव्हतं, आणि आता पुढे मीच होते.