तेवीस घोडे आणि एक भाचा

आत्या फाटकातून आत आली आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. तिच्या पाळण्यावरचा एक लाकडी घोडा खाली गोणपाटावर कुशीवर पडला होता आणि शेजारी पाना घेऊन उभा होता तिचा सख्खा भाचा.

करमणुकीची ती सगळी बाग तिला आत्याच म्हणायची. भाचा तिथे फिटर म्हणून लागला आणि त्याचं ऐकून तिकीटवालीपासून माळ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. फिरत्या घोड्यांचा हा पाळणा तिच्या वडिलांनी उभा केलेला. घोडे दुरुस्त करायचं, रंगवायचं काम गेली तीस वर्षं तिचं. चोवीस घोडे. बाहेरच्या बाजूला आयाळीचा केस न् केस, झुलीची घडी न् घडी कोरलेली. आतली बाजू मात्र सपाट, कारण तिकडे बघतंय कोण? जुने कारागीर मोठे हुशार कामचुकार होते.

ती सपाट बाजूच आता नडली. एका हॉटेलवाल्याला हे घोडे दिवाणखान्याच्या भिंतींवर ठोकायचे होते, आणि सपाट पाठीचा घोडा भिंतीला कसा चपखल बसतो! बागेच्या मालकांचा नियम साधा होता. उघडायच्या घंटेला जो पाळणा सलग तीन रविवार बंद, तो मोडीत काढून विकायचा. पाळण्याची मोटार जळाल्यापासून बागेच्या मॅनेजरने नोंदवहीत दोनदा ‘बंद’ लिहिलं होतं. आज तिसरा रविवार. घंटेला अजून वीस मिनिटं होती, पण मॅनेजरला तेवढाही दम निघाला नव्हता.

“कुणी सांगितलं काढायला?”

“मॅनेजरसाहेबांनी.” भाचा पान्याकडे बघत म्हणाला. “आत्या, मोटार गेलीये. नवी ते देणार नाहीत. किती दिवस कवटाळून बसशील?”

“ते राहू दे. जोडीतला एकच काढलास?”

भाच्याने पलीकडच्या घोड्याकडे पाहिलं. पाळण्याची अख्खी लाकडी फरशी मधल्या खांबाला वरून टांगलेली होती आणि समोरासमोरचे दोन घोडे जोडीचे असत. एकाला नवा पाय बसवला की त्याला काट्यावर चढवायचं आणि जोडीदाराच्या पोटात तेवढंच शिसं भरायचं. एक उतरवला की दुसराही लगोलग उतरवायचा, नाहीतर फरशी कलते. भाच्याला नाक पुसायची अक्कल नव्हती तेव्हापासून आजोबांनी त्याला हे शिकवलेलं. त्याच्या हातून ही चूक व्हायला एकच कारण होतं: हा पाळणा पुन्हा फिरणार नाही, असं त्याने मनात ठरवून टाकलं होतं. आत्याला घोड्यापेक्षा ते जास्त लागलं.

मॅनेजर काखेत नोंदवही मारून आला. “आराम करा आता, आत्या. लोकांना उलटंपालटं करणारे पाळणे हवेत. किंचाळायला येतात लोक.”

“आणि किंचाळून झालं की माझ्याकडे येतात. म्हाताऱ्या आईला शेजारच्या घोड्यावर बसवून. तुमच्या त्या उलट्या पाळण्यात बसवा बघू आईला!” आत्याने पदर खोचला. “आणि साहेब, मोटारीचं कौतुक मला नका सांगू. मोटारीआधी वाफेचं इंजिन होतं, त्याआधी खेचरं, आणि त्याच्याही आधी माणसं. असले पाळणे माणसांनी खांद्याने फिरवलेत.”

मधल्या खांबाला ढकलायचा दांडा अजून होता. दुरुस्ती संपली की तिचे वडील त्याला खांदा लावायचे. एका माणसाला फिरला तरच वजन जुळलं, एरवी काम पुन्हा पहिल्यापासून.

“पण वजन तर बिघडलंय,” मॅनेजर हसला. “घोडा परत चढवायला तास जाईल.”

आत्याने भाच्याला आपादमस्तक न्याहाळलं.

“किती भरतोस?”

“सत्तर किलो.”

“घोडा अडुसष्ट. बूट काढ आणि बस त्याच्या जागी.”

“आत्या, तू बस, मी ढकलतो.”

“हार तू मानलीस. मी नाही मानली. बस!”

भाचा बसला, मांडी घालून, मान खाली. आत्याने दांड्याला खांदा लावला. काही हललं नाही. त्रेसष्ट वर्षांचे गुडघे कुरकुरले. तिने वडिलांना मनातल्या मनात एक शिवी हासडली, इतकं अवजड करून ठेवल्याबद्दल, आणि दातओठ खाऊन पुन्हा रेटा दिला. फरशी कण्हली. वीतभर सरकली. मग हातभर. मग घोडे निघाले.

फाटकाबाहेर रांगेतली माणसं गजांना नाक लावून बघत होती. तेवीस घोडे गेले, त्यांच्यामागून पाय दुमडून बसलेला एक फिटर गेला. रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. तेवढ्यात घंटा झाली.

“हे काय, रोज ढकलणार आहात?” मॅनेजर ओरडला.

“रोज! लिहा.”

रांग मॅनेजरच्या हाताकडे बघत होती. त्याने लिहिलं.

“वाचा.”

“चालू,” तो पुटपुटला.

“मोठ्यानं. मालकांना ऐकू जाईल असं.”

“चालू!”

आत्याने दांडा सोडला. पाळणा आपल्याच वेगाने अर्धी फेरी फिरून थांबला. भाचा उतरून धावत आला. त्याचे डोळे भरले होते. आत्याचे पाय इतके लटपटत होते की त्याने तिचा दंड धरला.

“आत्या, खाली बस जरा.”

“तो आधी त्याच्या खोलीत जाऊ दे,” ती म्हणाली, आणि मॅनेजरने दार लावेपर्यंत ताठ उभी राहिली.