वाकड्या चोचीचा चमचा

मी चमचा बोलतोय. चमचा असलो तरी चमचेगिरी मला जमत नाही. जे आहे ते तोंडावर बोलतो.

सहा चमच्यांच्या संचातला मी, खास पाहुण्यांसाठी राखलेला. एके दिवशी घरधन्याने मला उचललं आणि पकडीने दाबून माझं तोंड चोचीसारखं केलं. कुलुपं दुरुस्त करणारा माणूस तो, हात कसला बसलेला म्हणता! मी संतापलो. पण त्याच्या लेकीची टाळू जन्मतःच फाटलेली, वर हृदयाला भोक. अंगावर पाजलं की दूध नाकातून बाहेर. मग आई माझ्या चोचीतून थेंब थेंब पाजू लागली, दर दोन तासांनी. "पाच किलो भरली की हृदयाचं ऑपरेशन, त्याआधी नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं.

पाहुणे येत. पाहुणे कसले, बघे! दुपटं वर करायचं, च्‌च्‌ करायचं आणि चहा ढोसायचा. पोरीच्या आत्याने तर कहर केला. "वहिनी, कशाला एवढा आटापिटा? तरुण आहात, दुसरं होईल."

"ताई, चहा निवतोय तुमचा," आई म्हणाली आणि पुढचा थेंब सोडला. तिच्या जागी मी असतो तर त्या चहात मीठ ढवळलं असतं.

आठव्या महिन्यात पोरीला काट्यावर ठेवलं. "पाच किलो!" बाप ओरडलाच. नर्सबाईंनी तिच्या मुठीतून मला उपसलं. "चार किलो नऊशे सत्तर. पुढच्या महिन्यात या."

पुढच्या महिन्यात! पोरीचे ओठ निळे पडत होते आणि ह्यांचं अडलं होतं तीस ग्रॅमवर!

"थांबा जरा," म्हणत आई तिथेच बाकावर बसली आणि दुधाची वाटी उघडली. पोर दोन थेंबांत दमायची, झोपायची. आई तळपाय चोळून जागं करायची. बाप नुसता पुटपुटत होता, "शिंकू नकोस गं बाई." तासाभराने नर्सबाईच उठल्या. "आणा तिला."

पाच किलो. माझ्याशिवाय!

आता पोर सहा वर्षांची आहे. नाकात बोलते, पण तोंड बंद म्हणून नाही. काल आत्या आली. "आमच्या घराण्याचाच चिवटपणा हो!" घराणं म्हणे! मग साखर ढवळायला नेमकं मला उचललं. "ई, हा वाकडा कशाला ठेवलाय? फेका की. दुसरे पाच आहेत ना चांगले?"

पोरीने मला हिसकावून घेतलं. "पण हा माझा आहे."

आईने आत्याकडे नुसतं पाहिलं. आत्याचा चहा निवला.

माझं एकच मागणं आहे. मला पुन्हा पाहुण्यांसमोर मांडू नका.