बिराप्पाची फुली

"बिराप्पाला तोंडी सांगू नगंस, कागदावर काढून दे," असं सुलाबाईंनी सुनेला बजावलं होतं. पण विजयमाला बी. ए. झालेली, साध्या क्रुसाला कागद कशाला? बिराप्पा सुताराला क्रूस हा शब्दच कळेना, तेव्हा तिनं बोटावर बोट ठेवून सांगितलं, "अहो, फुली असते ना, तशी. हातभर उंचीची."

डिसेंबर एकाहत्तर. नवरा जोतीराम आघाडीवर. लढाई थांबली तरी पत्र नाही. विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत ती तान्ह्या पोराचं कपाळ ताप नसतानाही दिवसातून दहादा चाचपायची. प्रार्थनेला बसली की मन उधळायचं. समोर क्रूस असला तर ते जरा थाऱ्यावर येईल, एवढीच आशा.

बिराप्पानं आणली ती फुलीच. मास्तरांनी चुकलेल्या गणितावर मारावी तशी, तिरकी, झोकात. वर पॉलिश.

"अहो, हे काय केलंत?"

"फुली की वयनी! लय मजबूत हाय. बैल बांधा."

नवरा लढाईवर आणि घरात फुली! विजयमाला रडकुंडीला येऊन सासूकडं वळली. "आत्याबाई, एखाद्याच्या नावावर फुली मारतात ती कधी, ठाऊक आहे ना?"

सुलाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "आगं, रोमी शिपायांनी येशूच्या नावावर फुलीच मारली हुती की. संपला म्हनून कबरीला धोंड लावून घरी गेली. तिसऱ्या दिवशी त्यो जित्ता उठला न्हवं? का बी. ए.ला शिकवलं न्हाई?"

विजयमालाला रडता रडता हसू फुटलं. बिराप्पाला धीर आला. "तिरकी वाटली तर मान वाकडी करून बघा, वयनी!"

त्या दिवसापासून सासू-सुना मान वाकडी करून प्रार्थना करू लागल्या. मान दुखायची, पण मन जागेवर राहायचं.

नाताळच्या आदल्या दिवशी पोस्टमननं हाक मारली. जोतीरामचं पत्र! पायाला प्लास्टर, बाकी धडधाकट. पोराला दात आले का? विजयमाला नाचायचीच बाकी होती. तेवढ्यात पोस्टमन समोरच्या चंद्राबाईंच्या दारावरून न थांबता पुढं गेला. त्यांचा मुलगा गुंडा, तोही आघाडीवरच होता. चंद्राबाई पिठाच्या हातानं उंबऱ्यात तशाच उभ्या.

विजयमालानं पत्र कमरेला खोचलं, पोर काखेत मारलं आणि गल्ली ओलांडली.

तुमच्याही गल्लीत पोस्टमन ज्या दारापुढं थांबत नाही, तिथं आज जरा डोकावून याल का? बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल, नुसतं बसा.