दगडांच्या राशीपलीकडे

माझी लेक नायारेत अकरा महिन्यांची झाली आणि माझी बाळंतपणाची रजा संपली. आता सात दिवस वर डोंगरावरच्या दुर्बिणीवर कामाला, सात दिवस घरी. पहिल्या पाळीला निघाले तेव्हा ती चमच्याने पातेलं बडवत होती. रडारड नको म्हणून मी मागच्या दाराने सटकले.

आमचं गाव सान पेद्रो मागे पडलं. ड्रायव्हर डॉन साटुर्निनो ('डॉन' म्हणजे आमच्याकडचं मानाचं 'राव') गप्प बसणाऱ्यातले नव्हेत.

"बाई, तुमची दुर्बीण बघते तरी किती लांबचं?"

"विश्वातला सगळ्यात जुना उजेड. त्यापलीकडेही विश्व आहे, पण तिथला उजेड अजून आपल्यापर्यंत आलेला नाही. काही ठिकाणचा तर कधीच येणार नाही."

"म्हणजे न दिसणाऱ्यापायी एवढ्या उंचीवर धापा टाकायच्या!"

तेवढ्यात सासूबाईंचा फोन.

"पोर बाटलीला तोंड लावत नाही. रडतही नाही. नुसती दाराकडे बघत बसलीय. नाव न घेताच गेलीस ना?"

आमच्याकडे निघताना लेकराला नावाने हाक मारतात, नाहीतर त्याचा जीव तिथेच वाट बघत अडकतो. सासूबाईंनी सकाळी दोनदा बजावलं होतं. मी दोन्ही वेळा नुसतं "हो हो" केलं होतं.

"आई, मी मागे फिरते."

"आणि उद्या? परत चोरासारखी जाशील? हाक मार आधी!"

डॉन साटुर्निनोंनी गाडी शेवटच्या वळणावर, दगडांच्या राशीपाशी थांबवली. "फोन इथपर्यंतच हो. पुढे लागत नाही."

मी उतरले. वारा कानात घुसत होता. सासूबाईंना फोन पोरीच्या कानाशी धरायला सांगितलं.

"नायारेत! चल, तिथे बसू नकोस! मी कामाला चाललेय, सात दिवसांनी येते! नायारेत!"

डॉन साटुर्निनोंनी टोपी काढून हातात धरली. मला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

"दाराकडून वळली गं," सासूबाई म्हणाल्या.

"प्यायली?"

"फोन चाटतेय. तू बोलत राहिलीस तर हेच चाटत बसेल. ठेव आता."

"पण आई, प्यायली की नाही ते..."

"ठेव म्हणते ना!"

मी फोन ठेवला. येणारा-जाणारा ठेवतो तसा एक दगड राशीवर ठेवला आणि गाडीत बसले. वळणानंतर गाव दिसेनासं झालं. मी घड्याळाकडे बघत होते.

"आता पीत असेल बघा," डॉन साटुर्निनो म्हणाले.

"तुम्हाला काय दिसतंय इथून?"

"तुम्हाला दिसतंय तेवढंच, बाई."

मी रडता रडता हसले. गाडी चढत राहिली.