कोरम पुरा

“आधी सही, मग सतरंजी.” लंकाबाईंनी जयाला दारातच अडवलं. “आन् आडनाव लाव फुडं. नुसतं जया काय लिहिती? शिनेमातली हाय व्हय तू?”

“अवो मावशी, सायेब अजून आला न्हाई, आन् तुमची हजेरी सुरू बी झाली?”

“सायेब कवा बी येऊंदे. कोरम पुरा पायजे.”

जयाच्या कडेवरची लेक मनवा पेनाचं टोपण चोखत होती. लंकाबाईंनी ते हळूच काढून घेतलं, पदराला पुसलं आणि तिच्या ओल्या हनुवटीवरून बोट फिरवलं. तोवर सही झाली होती. सदतिसावी.

शहराच्या टोकाला, पुणे रस्त्यावर केडगावच्या पुढे, सुप्याच्या अलीकडे तांबेमळा आहे. तिथल्या अंगणवाडीत लंकाबाई चोवीस वर्षं मदतनीस होत्या. सकाळी घरोघर जाऊन पोरं गोळा करायची, नाकं पुसायची, खिचडी वाढायची आणि पेंगुळलेल्याला खांद्यावर टाकून घरी पोचवायचं, हे त्यांचं काम. आता पोरांना घेऊन येणाऱ्या कितीतरी आयाही एके काळी त्याच खांद्यावर झोपल्या होत्या. जया त्यातलीच.

अंगणवाडीची खोली मूळची ग्रामपंचायतीची. अकरा वर्षांपूर्वी मळा शहरात घेतला, पंचायत गेली, पाटी उतरली. मग एक नगरसेवक झाला, त्याचीही मुदत संपली. तीन वर्षं झाली, सगळं प्रशासकाच्या हातात. कुणाला काही म्हणायचं असेल तर कुठे जायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं; आणि तशी गरजही कुणाला भासली नव्हती.

सोमवारी पत्र आलं. पाइप आणि मीटर ठेवायला पालिकेला खोली हवी होती. अंगणवाडी हायवेपलीकडे, पेट्रोल पंपामागच्या हॉलमध्ये हलवायची. सेविका ज्योतीताईंनी ते दोनदा वाचून दाखवलं. चार पदरी रस्ता, कंटेनरची रीघ, ना पूल ना सिग्नल; आणि तीन-चार वर्षांची सव्वीस लेकरं.

बुधवारी दुसरं पत्र आलं. ‘स्थानिक लोकसहभागाच्या पर्यायांचा आढावा. नागरिकांची सभा, शनिवारी सकाळी अकरा वाजता.’ जागा हीच खोली. लंकाबाईंना हायसं वाटलं. सभा आहे ना, मग झालं. सभेत उभं राहायचं, बोलायचं, ठराव करायचा. पंचायतीच्या काळात हेच पाहिलं होतं. एकदा शंभर माणसं लागत असताना ऐंशीच आली, ग्रामसभा तहकूब झाली आणि हातपंपाचा विषय लांबला. तो उन्हाळा बायांनी डोक्यावर हंडे वाहिले. पुढच्या वेळेपासून लंकाबाई दारात वही घेऊन बसायच्या. माणूस आत आलं की आधी सही. नंतर कुणी उठून गेलं तरी सभा मोडत नसे.

साहेब आले तेव्हा एकसष्ट सह्या झाल्या होत्या. नृसिंह त्यांचं नाव, शहरातल्या सावेडीहून स्कूटरवर आलेले, पस्तिशीचे, अंगावर इस्त्रीचा शर्ट. पोरांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसले. सह्यांचे कागद बघून चकितच झाले.

“पन्नास लागतात. इतर ठिकाणी वीससुद्धा जमले नाहीत हो. कुणी केलं हे?”

“म्या,” लंकाबाई लाजून म्हणाल्या.

साहेबांनी छापील फॉर्म वाटले आणि समजावू लागले. गावात ग्रामसभा असते, शहरात तसं खाली काही नसतं. म्हणून तीन पर्याय. एक, दर तीन महिन्यांनी वस्तीची सभा. दोन, अकरा जणांची वस्ती समिती. तीन, आहे तेच चालू ठेवणं. पसंतीच्या चौकटीत खूण करायची.

“सायेब, ते करू,” जया उठली. “पर पयलं अंगनवाडीचं बोला. ती रस्त्यापल्याड न्यायची न्हाई.”

“तो विषय आजच्या सभेत नाही, ताई.”

“मंग कोनत्या सभेत हाय?”

“तेच तर ठरवायचंय. असे विषय कुठे मांडावेत, त्याचाच हा आढावा आहे.”

मागून माजी सरपंच आप्पासाहेब खाकरले. “म्हंजी बोलायचं कुटं, ते ठरवायला बोलवलंय. बोलायला न्हाई.”

सगळे हसले. साहेबही हसले, मग कानशिलं पुसत म्हणाले, “माझी मुलगीही साडेतीन वर्षांची आहे. मला कळतं. पण माझ्याकडे एवढाच फॉर्म आहे. अंगणवाडीचं तुम्ही मोठ्या ऑफिसात लेखी द्या.”

“दिलं,” ज्योतीताई म्हणाल्या. “ते म्हणाले, वस्तीचं म्हणणं आहे तर वस्तीच्या सभेचा ठराव आणा.”

साहेब खाली मान घालून फॉर्मचे कोपरे जुळवत राहिले.

मग गलका झाला. कुणी म्हणालं, एक नंबर. कुणी म्हणालं, समितीत पुन्हा तेच पुढारी घुसतील. बाराला नळाला पाणी आलं तशा बाया उठल्या. साडेबाराला सुप्याच्या कंपनीची बस होती, तिच्यासाठी जयाही गेली. “अंगनवाडीचं आधी सांगा, मंग खुना करू,” असं म्हणत बहुतेकींनी फॉर्म कोरेच परत दिले. लंकाबाईंना त्यात वावगं वाटलं नाही. सह्या होत्या. सभा मोडली नव्हती. त्यांनी साहेबांना उरलेली खिचडी वाढली आणि जाताना चार-चारदा सांगितलं, “आमचं तेवढं लिवा बरं का.”

बारा दिवसांनी ज्योतीताईंच्या मोबाईलवर अहवाल आला. तांबेमळ्याच्या वाट्याला तीन ओळी होत्या. ‘उपस्थिती एकसष्ट. स्वतंत्र रचनेसाठी पुरेशी लेखी पसंती नाही. सबब आहे तीच व्यवस्था कायम ठेवण्यास नागरिकांची हरकत नाही.’

लंकाबाई रिक्षाने साहेबांच्या ऑफिसात गेल्या. साहेबांनी त्यांना ओळखलं, बसायला खुर्ची दिली.

“हरकत न्हाई, असं कोन म्हनलं सायेब?”

“कोणीच नाही. कोरा फॉर्म आला की तसंच धरतात, मावशी. मी अंगणवाडीचं वेगळ्या कागदावर लिहून जोडलं होतं. वर ते काढून ठेवलं, विषयात बसत नाही म्हणून.”

“मंग पुन्यांदा घ्या सभा. आमी खुना करतो.”

साहेबांनी पेनशी चाळा केला. “पन्नासच्या आत सह्या असत्या तर पुन्हा घ्यावीच लागली असती. तसा नियम आहे. केडगावकडे दोन वस्त्यांची परत होतेय. तुमची पूर्ण झाली.”

साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. लंकाबाईंनी तो हातात धरला, प्यायल्या नाहीत. मग उठल्या, खुर्ची होती तशी आत सारली आणि म्हणाल्या, “येते. तुमी तरी काय करनार.”

मळ्यात कुणी त्यांना बोल लावला नाही. जया तर म्हणाली, “मावशी, तुमी न्हाई, आमीच उठून गेलो.” पण त्या रात्री जेवल्या नाहीत आणि सकाळी वेणी घालताना हात मध्येच थांबत राहिला.

सोमवारी टेम्पोतून वजनकाटा, तक्ते, पातेली पलीकडे गेली. लंकाबाई नेहमीसारख्या घरोघर फिरल्या. सव्वीसातली अकरा मिळाली. बाकीच्यांच्या आयांनी दारातूनच मान हलवली. मनवाचा हात धरून, बाकीच्यांना एकमेकांचे हात धरायला लावून त्या रस्त्याच्या कडेला आल्या. पलीकडे ज्योतीताई हात वर करून उभ्या होत्या. लंकाबाईंनी एक पाऊल टाकलं, कंटेनरचा हॉर्न वाजला, पाऊल मागे आलं. पुन्हा टाकलं, पुन्हा मागे आलं. शेवटच्या पोराची चड्डी ओली झाली.

अर्ध्या तासाने त्यांनी सगळ्यांना मागे घेतलं, कडुलिंबाच्या सावलीत एका रांगेत बसवलं आणि स्वतः पोरांच्या व रस्त्याच्या मध्ये बसल्या.

“मावशी, कवा जायचं?” रांगेतल्या धवलने विचारलं.

“जाऊ. आधी सांग, ह्यो टरक कोनत्या रंगाचा?”

“लाल!”

“आन् ह्यो?”

“निळा!” अकराही ओरडली. मग पिवळा, मग हिरवा. मग एक टँकर आला, उन्हापावसाने रंग पार उडालेला. पोरं अडखळली, आणि सगळी लंकाबाईंच्या तोंडाकडे बघू लागली.