शेवटचं पान मास्तरांकडे

अंधेरीच्या त्या शाळेत ग्रंथालय होतं, याचा पुरावा म्हणजे एक कपाट. सागवानी, काचेच्या दारांचं, गावातल्या एका वकिलांच्या माघारी त्यांच्या मुलांनी शाळेला दिलेलं. आत वकीलसाहेबांचीच जाडजूड पुस्तकं. किल्ली हेडमास्तर शरच्चंद्र देवस्थळी यांच्या जानव्याला. अकरा वर्षांत एकही पुस्तक हरवलं नाही, असं ते दर स्नेहसंमेलनात सांगत, आणि ते खरंच होतं. अकरा वर्षांत एकही पुस्तक बाहेर गेलं नव्हतं.

एकोणीसशे चौपन्न साली वरून परिपत्रक आलं, की मुलांना अवांतर वाचनाची गोडी लावावी. सोबत अठ्ठेचाळीस पुस्तकांचा गठ्ठा आला. एकाच छापखान्यातली, एकाच आकाराची, सगळी चौसष्टपानी. देवस्थळींनी परिपत्रक दोनदा वाचलं, मार्तंड खोपकरांना बोलावलं आणि जानव्याची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली. ज्या कामात यश येणार नाही असं वाटे, ते काम खोपकरांकडे द्यायचं ही शाळेची जुनी रीत. खोपकर मराठी शिकवत, शिवाय बागकाम, शिवाय मुलींचं लेझीम. त्यात आता हे.

"जानेवारीत इन्स्पेक्टर येतील," देवस्थळी म्हणाले. "मुलं वाचत नाहीत असं दिसलं किंवा पुस्तकं फाटलेली निघाली, तर ते कपाट मी ढालींना घेणार. खो-खोच्या तीन ढाली माझ्या खुर्चीखाली आहेत. पाय ठेवायला जागा नाही."

खोपकर किल्ली घेऊन बाहेर आले. घरी ट्रंकेची किल्ली आईकडे असे आणि फडताळाची बायकोकडे. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या हाती पहिल्यांदाच कशाची तरी किल्ली आली होती. ती परत द्यायची नाही, असं त्यांनी जिना उतरताउतरताच ठरवलं.

पहिल्या महिन्यात अकरा पुस्तकं मुलांनी नेली, सात परत आली. उरलेली चार मागून मागून, एका बापाला शाळेत बोलावून आणि एका आजीच्या उशाखालून मिळवावी लागली. शिवाय आलेल्या सातांपैकी किती वाचली गेली, हे देवच जाणे. मुलं विचारलं की "छान होतं सर" एवढंच सांगत. तेवढं तर खोपकरही न वाचता सांगू शकले असते. अठ्ठेचाळिसांपैकी त्यांची स्वतःची एकोणीस वाचून झाली होती.

मग एका रविवारी दाढी करताना त्यांना युक्ती सुचली. दाढी अर्धी राहिली. त्यांनी तेच ब्लेड पुसलं आणि अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पुस्तकांचं शेवटचं पान शिवणीलगत हळुवार कापून काढलं. प्रत्येक पान एकेका जुन्या पाकिटात घातलं, पाकिटावर पुस्तकाचा नंबर टाकला आणि पाकिटं बिस्किटांच्या डब्यात लावून ठेवली. बायकोने विचारलं, हे काय चाललंय. ते म्हणाले, ग्रंथालय.

नियम सोपा होता. पुस्तक न्यायचं, बासष्ट पानं वाचायची, मधल्या सुट्टीत पुस्तकासह खोपकरांच्या टेबलाशी यायचं, तिथवरची गोष्ट तोंडी सांगायची. सांगता आली तर डब्यातून पाकीट निघे आणि तिथेच उभं राहून शेवट वाचायला मिळे. पान परत डब्यात, पुस्तक परत कपाटात. चोरून फायदा नाही, आणि न वाचता निभाव नाही.

दिवाळीपर्यंत मधल्या सुट्टीत रांग लागू लागली. डबा अर्धवट टाकून मुलं येत. ज्याला शेवट कळला तो इतरांपुढे असा मिरवे, की जणू सरकारी गुपित त्याच्याकडे आहे. शेवट फोडणाऱ्याला मुलांनीच वाळीत टाकायला सुरुवात केली. देवस्थळी वरून खिडकीतून रांग बघत आणि त्यांना वाटे, मुलांना बडीशेप वाटतो की काय हा माणूस.

एकटी सगुणा रांगेत दिसत नसे. ती वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून येई, सहावीत होती, आई सरूबाई बाजारात मासळी विकायची. सगुणा शनिवारी दोन-तीन पुस्तकं नेई आणि सोमवारी खोपकर वर्गात शिकवत असताना गुपचूप टेबलावर ठेवून जाई. अठ्ठेचाळीसही झाली, एकाचाही शेवट मागितला नाही. खोपकरांनी एकदा तिला गाठलं. न वाचता कशाला नेतेस, म्हणाले.

"वाचते ना, सर. मोठ्यानं वाचते. रविवारी बाबा नि काका जाळी विणत बसतात, ते ऐकतात."

"मग शेवट नको?"

"शेवट आमी घरीच लावतो. परतेक जण आपला आपला सांगतो. मग आई ठरवते कुठला खरा."

"आईच का?"

"तिला बाजारात दिवसभर लोकांच्या थापा ऐकायची सवय आहे. आई म्हणते, तुमच्या मास्तरांना सांग, शेपूट काढून मासा विकला तर गिऱ्हाईक विचारतं, शिळा होता काय."

खोपकर मराठीचे शिक्षक होते, त्यांनी ती उपमा वहीत उतरवून घेतली.

जानेवारी आला. इन्स्पेक्टर येणार म्हणून शाळा साफ करायची जबाबदारी गुणाजी शिपायावर होती, आणि गुणाजी काम अर्धवट करणारा माणूस नव्हता. त्याने बिस्किटांचा डबा उघडला. आत वापरलेली, कोपरे दुमडलेली, शाई फासलेली पाकिटं. असली घाण साहेबांच्या नजरेला पडू नये म्हणून त्याने ती चहाच्या शेगडीत घातली. आतले छापील कागद मात्र जपले. छापलेलं ते महत्त्वाचं, हे त्याला माहीत होतं. अठ्ठेचाळीस पानं एकावर एक रचून, सुतळीने बांधून त्याने परत डब्यात ठेवली.

हे खोपकरांना इन्स्पेक्टरसाहेब कपाटासमोर खुर्चीत बसल्यावर कळलं.

साहेब किरकोळ अंगाचे, थंड आवाजाचे. त्यांनी एक पुस्तक काढलं, मागून उघडलं. दुसरं काढलं. तिसरं. मग चष्मा काढून देवस्थळींकडे पाहिलं. देवस्थळींनी खोपकरांकडे पाहिलं. खोपकरांनी घाम पुसत सगळी हकीगत सांगितली आणि डबा उघडला. आत सुतळीने बांधलेला गठ्ठा होता. सगळ्या पानांवर त्रेसष्ट, चौसष्ट. कशावरही पुस्तकाचं नाव नाही.

"कुठलं पान कुठल्या पुस्तकाचं, सांगता येईल?" साहेबांनी विचारलं.

एकोणिसांचं सांगता आलं असतं, पण त्या क्षणी खोपकरांना स्वतःचं नावही सांगता आलं नसतं. साहेब म्हणाले, अर्धा तास थांबतो. पानं जागेवर लागली तर ठीक, नाहीतर अठ्ठेचाळीस पुस्तकं खराब झाली असं लिहावं लागेल. देवस्थळींनी कपाटाची रुंदी नजरेने मोजायला सुरुवात केली.

खोपकरांनी गुणाजीला घंटा द्यायला सांगितलं. गुणाजीने, झालेल्या चुकीची भरपाई म्हणून, आग लागल्यासारखी घंटा दिली.

मुलं आली. चित्रकलेच्या हॉलमध्ये जमिनीवर पुस्तकं मांडली आणि खोपकरांनी पहिलं पान मोठ्याने वाचायला घेतलं. दुसऱ्या ओळीला तीन हात वर गेले. विहिरीतल्या चोराचं, सर. पुढच्या पानाला तर पहिल्या शब्दालाच गलका झाला. एका पानावरून दोन मुलांत जुंपली, ते माकडाच्या गोष्टीचं की वैद्याच्या. खोपकर काही बोलायच्या आत तिसऱ्याच एका मुलीने दोन्ही गोष्टी थोडक्यात सांगून निकाल दिला. पान पुस्तकात सरकवायचं, पुढचं घ्यायचं. साहेब प्रथम घड्याळाकडे बघत होते, मग मुलांकडे, आणि मग वेळ घालवायला म्हणून त्यांनी खालचं एक पुस्तक उचललं.

वीस मिनिटांत सत्तेचाळीस पानं लागली. एक उरलं. खोपकरांनी त्याच्या पहिल्या ओळी दोनदा मोठ्याने वाचल्या, उरलेलं मनात वाचलं. वादळ शमतं, मुलगा घरी येतो, आईच्या पाया पडतो. एकही हात वर झाला नाही. हा शेवट मागायला कधी कुणी आलंच नव्हतं.

मागून सगुणा पुढे आली आणि तिने पान हातात घेतलं. शेवट तिने एकही वाचला नव्हता, पण बासष्टावं पान तिला सगळ्यांचं पाठ होतं. "बुडालेल्या गलबताचं आहे हे," ती म्हणाली. "बासष्टाव्या पानावर वाक्य अर्धं राहतं, 'तेवढ्यात वारा'. ह्याची सुरुवात 'पडला' अशी आहे."

बुडालेल्या गलबताचं पुस्तक जमिनीवर नव्हतं. ते साहेबांच्या हातात होतं, आणि साहेब एकसष्टाव्या पानावर होते. साहेबांनी पान उलटलं, बासष्टावं संपवलं आणि वर न बघता हात पुढे केला.

सगुणाने पान पाठीमागे नेलं.

"आधी गोष्ट सांगायची, सर. उभं राहून."

देवस्थळींनी डोळे मिटले. खोपकरांना दिसलं, किल्ली जानव्याला परत बांधली जाते आहे. साहेबांनी पुस्तक मिटून खाली ठेवलं. मग उठले, कोट ओढून सरळ केला आणि दीडशे मुलांसमोर गलबताची गोष्ट सांगू लागले. तांडेलाचं नाव चुकलं तेव्हा पुढच्या रांगेतून चौघांनी दुरुस्त केलं. बाप समुद्रात हरवतो आणि मुलगा एकटाच होडी घेऊन शोधायला निघतो, तिथे त्यांचा थंड आवाज थोडा गरम झाला.

सगुणाने पान दिलं. साहेबांनी उभ्यानेच वाचलं, उलटलं, पुन्हा पहिली बाजू पाहिली.

"एवढंच?" ते म्हणाले. "आणि बाप?"

"बापाचं काहीच नाही त्यात?" सगुणाला खरंच आश्चर्य वाटलं. "म्हणून तर आमी शेवट घेत नाही, सर. आमच्याकडे बाप रत्नागिरीला सापडतो."

साहेब तिला रत्नागिरीचं सविस्तर विचारत राहिले. अर्धा तास कधीच उलटून गेला होता. मग त्यांनी शेऱ्याचं पुस्तक मागवलं आणि लिहिलं, की पुस्तकं वापरात आहेत, पानं खळीने चिकटवून घ्यावीत, कपाट आहे तिथेच असावं आणि मुख्याध्यापकांनी ढालींसाठी भिंतीला खिळे ठोकावेत.

खिळे गुणाजीने त्याच दिवशी ठोकले. खोपकरांनी रविवारी घरी खळ शिजवली आणि सत्तेचाळीस पानं चिकटवली. अठ्ठेचाळिसावं मात्र तसंच सुटं ठेवून त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि सोमवारी सगुणाच्या हातात दिला. म्हणाले, आईला विचारून तुमचा शेवट लिहून आण, आणि अक्षर नीट काढ, साहेबांनी प्रत मागितली आहे.