चौथी चौकट

“अर्ज मागे घ्या, बाई. इथं सही करा.”

परीक्षक साहेबांनी कागद टेबलावरून पुढं सरकवला. गोकुळा उभीच होती. खोलीत दोनच खुर्च्या होत्या. एकीत साहेब, दुसरीत हेडमास्तर लटारूजी. कागदावर मजकूर आधीच तयार होता : ‘मी न समजता, अंदाजाने खुणा केल्या.’

आरमोरीच्या शाळेत ती चार वर्षं सातवीला गणित शिकवत होती, पण प्रशिक्षण झालेलं नव्हतं. अशा शिक्षकांना उन्हाळ्यानंतर कमी करणार होते. प्रशिक्षण देणाऱ्या नॉर्मल स्कूलसाठी तालुक्याला एकच जागा होती, आणि त्या जागेसाठी यंदा नव्या तऱ्हेचा पेपर निघाला. चाळीस प्रश्न, एक तास. प्रत्येक प्रश्नात दोन राशी आणि चार चौकटी : पहिली मोठी, दुसरी मोठी, दोन्ही सारख्या, सांगता येत नाही. एका चौकटीत खूण करायची. रीत लिहायची नाही.

म्हणून गोकुळानं रीत आधीच ठरवून ठेवली होती. दोन्हीकडं सारखं असेल ते प्रथम खोडायचं. उरलेल्यात क्ष च्या जागी शून्य, एक, दोन, मग अर्धा, मग उणे एक घालून पाहायचं. उत्तर एकदा जरी पलटलं तर चौथी चौकट, आणि पुढचा प्रश्न. पलटलं नाही तरच वजाबाकी करून खात्री करायची. परीक्षेत दहा मिनिटं उरली होती तिची.

निकाल लागला तेव्हा तिची तीन उत्तरं चूक धरलेली होती. लटारूजींचा भाचा मुखरू तिच्या दोन गुण पुढं होता. तिनं त्या तीन उत्तरांविरुद्ध अर्ज केला.

“क्ष चा वर्ग मोठा की क्ष?” साहेब म्हणाले. “तुम्ही म्हणता, सांगता येत नाही. अहो, कुठलंही पोरगं सांगेल, वर्ग मोठा.”

“क्ष दोन असला तर मोठा, साहेब. अर्धा असला तर वर्ग पाव होतो. लहान.”

“अर्धा तुम्हाला विचारला कोणी?”

“पूर्णांकच घ्या, असं प्रश्नात कुठं नाही.”

“मुळात अर्धा सुचतो कसा माणसाला?” साहेब लटारूजींकडं बघून हसले. “ढिवरांच्या ना तुम्ही? मासे तोडून वाटायची सवय.”

“हो,” गोकुळा म्हणाली.

खोटं नव्हतं ते. तलावातली मासळी निघाली की अर्धा ढीग जाळ्याच्या मालकाचा. उरलेल्या अर्ध्यातला अर्धा डोंगा वल्हवणाऱ्याचा, अर्धा तिच्या आईचा. अर्ध्याचा अर्धा केवढा उरतो, हे शाळेत जायच्या आधीपासून ती घरच्या टोपलीत बघत आली होती.

“लिहून दे ना बाई,” लटारूजी म्हणाले. “साहेब नोकरी ठेवतो म्हनून राह्यले. पुढच्या साली पुन्हा बस परीक्षेले. काऊन जिद्द करतं? मुखरू माहा भाचा हाये, म्हनून नाई म्हनत मी.”

“मी कुठी म्हनलं तसं, गुरुजी?”

लटारूजी खिडकीकडं वळले.

“माझा पेपर एकदा पाहू द्या,” ती साहेबांना म्हणाली. “मग लिहिते.”

साहेबांनी तो तिच्यापुढं टाकला. तिनं तिसरं पान काढलं. वर्गाच्या त्या प्रश्नाशेजारी समासात कागद खरखरीत झाला होता. कोणीतरी रबरानं खोडलं होतं. तिनं पान खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. पेन्सिल गेली होती, पण दाबाची रेघ राहिली होती : अर्धा गुणिले अर्धा, बरोबर पाव. पावाच्या छेदातला चार वर उघडा, शेपटी लांब. पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलेल्या गुणांतला चार हुबेहूब तसाच होता.

म्हणजे साहेबांनी करून पाहिलं होतं. उत्तर आलं होतं. मग खोडलं होतं.

तिनं दौतीत टाक बुडवला. तयार मजकुरावर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं : ‘पडताळा करून खुणा केल्या. परीक्षकांनीही तो केला आहे. पान तीन, समास.’ सही केली. तारीख घातली.

साहेबांनी वाचलं. कागदाची घडी घालायला त्यांना वेळ लागला.

“शाळेच्या कपाटाच्या चाव्या ठेवा आणि जा,” ते म्हणाले.

लटारूजी खिडकीबाहेर बघत होते. गोकुळानं चाव्या ठेवल्या. खडूची पेटीही ठेवली.

ती तलावावर पोचली तेव्हा मासळीचे वाटे पडत होते. बातमी तिच्या आधी आली होती.

“आली मास्तरीण!” जाळ्याचा मालक लालसू ओरडला. आपला अर्धा त्यानं बाजूला काढला होता. उरलेल्याचे त्यानंच पळसाच्या पानांवर दोन ढीग केले होते, एक डोंगेवाल्या दसरूचा, एक तिच्या आईचा. “सांग बरं, कोनता मोठा? का आताई सांगता येत नाई?”

माणसं हसली. तिची आई, रुखमाबाई, पदर दातात धरून उभी होती. “राहू दे, गोकुळा,” ती म्हणाली. “चाल घरी.”

गोकुळा उकिडवी बसली. दोन्ही ढिगांकडं तिनं नीट पाहिलं.

“हा मोठा,” ती म्हणाली. दसरूच्या ढिगातली एक मरळ शेपटीला धरून तिनं उचलली आणि आईच्या पानावर ठेवली. “आता सारखे.”

दसरूनं मान डोलावली. रुखमाबाई वाकली आणि पानाच्या कडा दुमडू लागली.